आधी बाग पाहा, मग कॉलेज: उद्यानविद्येच्या दोन वर्षांच्या एम.एस्सी.साठी प्रवेश घेताना

बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं आणि त्यांचे आईवडील एकच प्रश्न विचारतात: उद्यानविद्येत एम.एस्सी. करायची आहे, कोणतं कॉलेज चांगलं? नागपुरात या प्रश्नाला जो तो आपापल्या माहितीतलं एक नाव सांगून मोकळा होतो. माझं म्हणणं असं, की कॉलेजचं नाव हा चौथा प्रश्न आहे. त्याआधी शाखा ठरते, मग पीक, मग मार्गदर्शक. आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) सध्याच्या अभ्यासक्रमात या पदवीचे एकूण ७० क्रेडिट आहेत आणि त्यातले ३० एकट्या संशोधनाचे आहेत. वर्गातली व्याख्यानं सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच असतात. संशोधन मात्र त्या कॉलेजकडे आज उभ्या असलेल्या झाडांवर होतं. झाड नसेल तर प्रबंध नाही, आणि झाड दोन वर्षांत लावून मोठं करता येत नाही.

म्हणून हा लेख कॉलेजांची क्रमवारी लावत नाही. नागपुरात बसून, थोडा प्रवास करून आणि थोडं वाचून निर्णय कसा घ्यायचा, तेवढंच सांगतो.

दोन वर्षांचा कोणता कोर्स?

आधी एक घोळ मिटवू. "दोन वर्षांचा हॉर्टिकल्चरचा कोर्स" म्हटलं की आपल्याकडे किमान दोन वेगळ्या गोष्टी कानावर पडतात. दहावीनंतरची कृषी तंत्र पदविका दोन वर्षांची आणि मराठी माध्यमाची आहे. ती पदविका आहे, पदवी नाही. बारावी विज्ञाननंतरची बी.एस्सी. उद्यानविद्या चार वर्षांची. दोन वर्षांची पदवी म्हणजे एम.एस्सी., आणि तिच्यासाठी कृषी किंवा उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी हातात लागते. वनस्पतिशास्त्रात तीन वर्षांची बी.एस्सी. केलेल्या मुलांना कृषी विद्यापीठात हा दरवाजा सहसा उघडत नाही. अशा मुलांना कोणी "आमच्याकडे होऊन जाईल" असं सांगत असेल, तर ती पदवी कोण देणार आणि पुढे कुठे चालणार, हे लेखी घ्या.

दुसरा घोळ नोकरीचा. बँकेत कृषी क्षेत्र अधिकारी व्हायचं असेल किंवा लोकसेवा आयोगाची कृषी सेवेची परीक्षा द्यायची असेल, तर चार वर्षांच्या पदवीवर काम भागतं. त्यासाठी एम.एस्सी.त दोन वर्षं घालवायची गरज नाही. "अभ्यासाला हॉस्टेल मिळतं" एवढ्यासाठी प्रवेश घेणारे पुष्कळ असतात. त्यांच्या नावावर लागलेलं संशोधनाचं झाड आणि जागा दोन्ही अडकून पडतात. एम.एस्सी. करावी ती संशोधन, अध्यापन, पीएच.डी., रोपवाटिका, प्रक्रिया उद्योग, बियाणे कंपनी, लँडस्केपिंग अशा वाटेने जायचं असेल तर, किंवा घरच्या बागेचं काम शास्त्राच्या आधाराने करायचं असेल तर. हे शेवटचं कारण कोणी फॉर्मवर लिहीत नाही, पण काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडच्या मुलांसाठी मला ते सगळ्यात भक्कम वाटतं.

शाखा निवडताना कॅलेंडर समोर ठेवा

उद्यानविद्येची एम.एस्सी. आता एकाच नावाची राहिलेली नाही. फळशास्त्र, भाजीपालाशास्त्र, पुष्पशास्त्र व प्रांगणविद्या, मसाला-बागायती-औषधी व सुगंधी पिकं आणि काढणीपश्चात व्यवस्थापन अशा स्वतंत्र शाखा आहेत. पुढे सहायक प्राध्यापकासाठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यायची तर तिथेही फळशास्त्र, भाजीपालाशास्त्र, पुष्पशास्त्र हे वेगवेगळे विषय आहेत. म्हणजे आज फॉर्मवर जो पर्याय टाकाल, तो पुढे बराच काळ सोबत राहतो. "फळशास्त्र मिळालं नाही, म्हणून जे मिळालं ते" असं करण्याआधी दोन दिवस थांबून विचार करावा.

आवड तर हवीच. पण आवडीइतकीच महत्त्वाची एक गोष्ट सहसा कोणी समजावून सांगत नाही, ती म्हणजे पिकाचा हंगाम आणि पदवीची चार सत्रं यांचा मेळ. ही गोष्ट संत्र्यावरून नीट कळते.

संत्र्याचं कलम लावल्यावर फळ धरायला पाचवं-सहावं वर्ष उजाडतं. म्हणजे प्रयोगासाठी आधीपासून उभी असलेली, एका वयाची, एका खुंटावरची (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात त्या एकाच जातीवरची) झाडं हवीत. संत्र्याला वर्षात फुलोऱ्याचे दोन मुख्य हंगाम म्हणजे बहार असतात, आंबिया आणि मृग. आंबिया बहाराला साधारण डिसेंबरपासून पाणी तोडून ताण देतात, जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि फळं पुढच्या दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतात. मृग बहाराचा ताण मे महिन्यातला, फुलं पावसाच्या तोंडावर, तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल. आता प्रवेशाकडे बघा. पदव्युत्तर प्रवेशाच्या फेऱ्या लांबत लांबत वर्ग सुरू व्हायला बहुधा पावसाळा संपत येतो. त्यानंतर मार्गदर्शक मिळणार, सल्लागार समिती बसणार, संशोधनाचा आराखडा मंजूर होणार. हे सगळं डिसेंबरच्या आत झालं, तर पहिल्या वर्षीचा आंबिया हाती लागतो. पुढच्या दिवाळीपर्यंत फळांची मोजदाद, मग प्रयोगशाळेतलं काम, मग लिखाण, आणि सगळं वेळेत बसतं. आराखडा फेब्रुवारीत मंजूर झाला, तर फुलं फुटून गेलेली असतात. मग मृगावर जावं लागतं आणि त्याची तोडणी चौथ्या सत्रात येते. मृगही फुटला नाही, आणि विदर्भात पावसाने दगा दिला की तो फुटत नाहीच, तर पुढच्या आंबियाची वाट पाहायची. तोवर तुमची दोन वर्षं संपलेली असतात आणि तुम्ही हॉस्टेलची खोली सोडून बाहेर भाड्याने राहत असता.

भाजीपाल्यात ही अडचण फार कमी. टोमॅटो, वांगी, मिरची, कांदा यांचा एक रब्बी हंगाम गेला तरी दुसरा मिळतो. झेंडू-शेवंतीचंही तसंच. काढणीपश्चात शाखेत साठवणुकीचा एक प्रयोग काही आठवड्यांत आटोपतो आणि फसला तर पुन्हा घेता येतो. तिथे अडचण यंत्रांची असते. शीतगृह, वाळवणी यंत्र, रंग आणि कठीणपणा मोजायची उपकरणं चालू नसतील, तर नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर (फळाच्या रसातली साखर मोजायच्या साध्या उपकरणावर) प्रबंध ओढावा लागतो.

याचा अर्थ फळशास्त्र घेऊ नका असा मुळीच नाही. नागपूरच्या मुलाने संत्रा सोडून पळावं असं मी कधीच म्हणणार नाही. फळशास्त्र घ्यायचं असेल तर "आराखडा कोणत्या महिन्यात मंजूर होतो" हा प्रश्न कॉलेज निवडताना सगळ्यात वर ठेवा. मागच्या बॅचच्या मुलांना विचारलं की खरं उत्तर मिळतं.

कोणतं पीक कुठे

राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत: अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख, राहुरीचं महात्मा फुले, परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा आणि दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. कागदावर अभ्यासक्रम एकच, पण मातीने प्रत्येकाचं वळण वेगळं केलं आहे.

लिंबूवर्गीय पिकांत काम करायचं असेल तर नागपूरपासून लांब जाण्यात मला अर्थ दिसत नाही. महाराजबागेला लागून असलेलं कृषी महाविद्यालय १९०६ सालचं, देशातल्या जुन्या कृषी महाविद्यालयांपैकी एक. ते अकोला विद्यापीठाखाली येतं. काटोलला याच विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. अमरावती रोडवर आयसीएआरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्था आहे. रोगमुक्त कलमं, खुंट, डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) आणि कोळशीचं (पानांवरच्या काळ्या बुरशीचं) नियंत्रण, बिनबियांचा संत्रा हे सगळं काम तिथे चालतं. त्याच रस्त्यावर माती सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. संत्र्याची बाग का वाळते याचं उत्तर निम्म्या वेळा मातीत सापडतं, म्हणून ही शेजारची संस्थाही उपयोगाची. कॉलेजला विचारायचा प्रश्न हा, की तुमच्या विद्यार्थ्यांच्या सल्लागार समितीवर या संस्थांमधले शास्त्रज्ञ घेता येतात का, आणि गेल्या काही वर्षांत प्रत्यक्षात कोणाच्या समितीवर होते का. "घेता येतात" आणि "होते" यात पुष्कळ अंतर असतं.

नागपूरच्या मुलांसाठी आणखी एक तिढा आहे, नागपूर की अकोला? घरी राहून शहरातल्या कॉलेजात जाणं स्वस्त पडतं आणि वर लिहिलेल्या संस्था हाताशी राहतात. अकोल्याला विद्यापीठाचा मुख्य परिसर आहे. जास्त शाखा, जास्त शिक्षक, मोठी प्रक्षेत्रं, औषधी वनस्पतींसाठी नागार्जुन उद्यान आणि ग्रंथालय हे सगळं एका आवारात मिळतं. औषधी-सुगंधी वनस्पती किंवा भाजीपाला पैदास यासाठी मी अकोला आधी लिहीन. संत्र्यासाठी नागपूर आधी, पण एका अटीवर. प्रयोगाची झाडं नेमकी कुठे आहेत हे आधी कळलं पाहिजे. शहरातल्या कॉलेजात शिकून प्रयोग साठेक किलोमीटरवरच्या काटोलला असेल, तर ताणाच्या आणि फुलोऱ्याच्या दिवसांत रोजची ये-जा कशी करणार, याचा विचार प्रवेशाआधी व्हावा.

डाळिंब, द्राक्ष, अंजीर यांची ओढ असेल तर राहुरी. त्या विद्यापीठाचा भगवा डाळिंब आज राज्यभर आहे, सोलापूरला डाळिंबाचं आणि पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. आंबा, काजू, नारळ, मसाल्याची पिकं म्हटली की दापोली. रत्ना आणि सिंधू या आंब्याच्या संकरित जाती तिथल्या आणि काजूच्या वेंगुर्ला जाती त्यांच्याच वेंगुर्ल्याच्या केंद्रातल्या. मोसंबी आणि कागदी लिंबासाठी परभणीकडेही बघावं, विक्रम आणि प्रमालिनी या लिंबाच्या जाती त्यांच्या आहेत. फुलशेतीचं राष्ट्रीय संचालनालय पुण्यात आणि कांदा-लसणाचं राजगुरूनगरला. या यादीचा उपयोग एवढाच, की ज्या पिकाची राष्ट्रीय संस्था जवळ असते तिथे जुनी आकडेवारी, जाणकार माणसं आणि पीएच.डी.ची पुढची वाट मिळते.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर कर्नाटकात बागलकोटचं उद्यानविद्या विद्यापीठ, हिमाचलात सोलनजवळ नौणीचं डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठ, कोईमतूरचं तमिळनाडू कृषी विद्यापीठ आणि दिल्लीची भारतीय कृषी अनुसंधान संस्था ही नावं आधी येतात. नौणीला सफरचंद, नासपती, जर्दाळू शिकून नागपुरात परतलात तर ते ज्ञान लावायला झाड मिळणार नाही. पुढे संशोधनातच राहायचं असेल तर मात्र तिथली शिस्त कामाला येते. रेल्वेने रायपूर आणि जबलपूरही आपल्याला जवळ आहेत, दोन्हीकडे कृषी विद्यापीठं आहेत आणि रायपूरचा प्रवास अकोल्यापेक्षा फार लांबचा नाही. आपली मुलं त्यांचा विचारच करत नाहीत, तो करावा.

कागद तपासायची पाळी

हे काम कंटाळवाणं आहे पण एका संध्याकाळी उरकतं. आयसीएआरचं अधिस्वीकृती मंडळ कृषी विद्यापीठांना आणि त्यांच्या कॉलेजांना मान्यता देतं. कॉलेज आणि नेमका तो अभ्यासक्रम या यादीत आहे का, मान्यता कोणत्या सालापर्यंत आहे, हे आयसीएआरच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. खासगी विद्यापीठांच्या जाहिरातीत "यूजीसी मान्य" असं ठळक लिहिलेलं असतं. ते खरं असतं, पण ती वेगळी मान्यता. आयसीएआरची अधिस्वीकृती नसलेल्या खासगी संस्थेची पदवी घेऊन पुढे पीएच.डी.च्या प्रवेशाला किंवा सरकारी भरतीला गेलात, तर फॉर्मवरच अडकू शकता. पदवीच्या प्रमाणपत्रावर शाखेचं नाव काय छापून येतं, तेही विचारा.

प्रवेशाचे मुख्य रस्ते दोन. राज्यातल्या चार विद्यापीठांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा असते आणि पुण्याच्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेच्या नियमांनुसार फेऱ्या होतात. दुसरा रस्ता आयसीएआरच्या अखिल भारतीय परीक्षेचा. ती एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था) घेते आणि तिच्या गुणांवर देशभरातल्या कृषी विद्यापीठांतल्या काही जागा भरल्या जातात. दोन्ही द्या. वरचा क्रमांक आला तर आयसीएआरची पदव्युत्तर शिष्यवृत्ती मिळते. या रस्त्याने दुसऱ्या राज्यात प्रवेश घेतलात तर राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीचाही आधार होतो. रकमा आणि अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच घ्याव्या, सीनियरने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये.

प्रबंध वाचा

सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात उपयोगी उपाय हा आहे. कृषिकोश नावाचं एक ऑनलाइन भांडार आहे. देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध त्यात ठेवलेले असतात. विद्यापीठाचं नाव, शाखा आणि मार्गदर्शकाचं नाव टाकून शोधा. तुम्हाला तिथे पाच गोष्टी दिसतील, आणि त्या कोणत्याही माहितीपत्रकात छापलेल्या नसतात.

पहिली, या मार्गदर्शकाकडे कोणत्या पिकावर काम होतं. दुसरी, तेच ते विषय फिरवून फिरवून दिले जातात का. एकाच संजीवकाच्या (झाडाची वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्याच्या) त्याच मात्रा वर्षाआड वेगळ्या मुलाच्या नावावर दिसल्या, तर समजून घ्या. तिसरी, झाडं किती आणि कोणती. "साहित्य व पद्धती" या प्रकरणात बागेचं ठिकाण, झाडांचं वय, लागवडीचं अंतर, प्रत्येक मात्रेसाठी किती झाडं आणि किती पुनरावृत्ती (तीच मात्रा किती वेळा वेगळ्या झाडांवर दिली) हे लिहिलेलं असतं. एका मात्रेला एकच झाड अशी मांडणी सतत दिसत असेल, तर झाडांची टंचाई आहे. चौथी, माती-पान परीक्षण आणि फळांचं विश्लेषण स्वतःच्या प्रयोगशाळेत झालं की बाहेरून करून आणलं. आभाराच्या पानावर हे कळतं. ते पान नक्की वाचा, तिथे मुलं खरं लिहितात. पाचवी, प्रवेशाचं साल आणि प्रबंध सादर केल्याचं साल यातलं अंतर. दोनाचे अडीच-तीन वारंवार होत असतील तर कारण विचारायलाच हवं.

एका मार्गदर्शकाचे तीन-चार प्रबंध चाळायला एक रविवार पुरतो.

प्रत्यक्ष भेट

आता प्रवास. निवडीच्या यादीत वरच्या दोन-तीन जागा राहिल्या की तिथे जाऊन या. नागपूर-अकोला सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. शनिवार-रविवार टाळा, कामाच्या दिवशी जा. आधी बागेत जा, ऑफिसात नंतर. जमलं तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा. पावसात सगळ्याच बागा हिरव्या दिसतात, उन्हाळ्याच्या तोंडावर पाण्याची खरी स्थिती कळते.

संत्र्याच्या बागेत गेलात तर खाली वाकून बुंधा पाहा. कलमाचा डोळा जमिनीच्या वर वीतभर तरी दिसतो का, की माती चढून गाडला गेला आहे? गाडला गेला असेल तर डिंक्याला आमंत्रण आहे. बुंध्याला बोर्डो मलम लावलेला आहे का? एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, एवढाच त्याचा खर्च, आणि पावसाळ्याआधी-नंतर तो लावायचा हे काटोलचा कोणताही बागायतदार सांगेल. विद्यापीठाच्या बागेत तो निळसर पट्टा पुसट झालेला असेल आणि सालीवर डिंकाचे थेंब लोंबत असतील, तर ती झाडं तुमच्या प्रयोगाच्या मधल्या टप्प्यावर वाळू शकतात. एका गटातलं एक झाड मेलं की सांख्यिकीचं सगळं गणित बिघडतं. शेंड्याकडे बघा. वाळक्या काड्या किती, पानांवर काळी बुरशी किती. ठिबकच्या नळ्या फिरून बघा, तोट्या चालू आहेत का, की पाट काढून पाणी चाललं आहे?

मग पाट्या. प्रयोगातल्या झाडांवर मात्रा आणि पुनरावृत्तीची खूण लटकवलेली असते. पाट्या ताज्या, वाचता येतील अशा असतील तर तिथे काम चालू आहे. गंजलेल्या, नाव पुसलेल्या पाट्या दिसल्या तर तिथल्या मजुराला विचारा, "भाऊ, इथं मोजमाप कराले पोरं येतात का?" तो जे सांगेल ते माहितीपत्रकापेक्षा खरं असतं.

आणि एक गोष्ट आवर्जून विचारायची ती बागेच्या लिलावाची. विद्यापीठांच्या बागांमधल्या फळांचा लिलाव होतो, ठेकेदार येऊन तोडणी करतो. प्रयोगाची झाडं लिलावातून लेखी वगळलेली असतात का? माझ्या माहितीतल्या एका मुलीने फळगळीवर वर्षभर नोंदी घेतल्या, आणि तोडणीच्या आदल्या आठवड्यात ठेकेदाराच्या माणसांनी तिची झाडंही खुडून नेली. कोणाचा वाईट हेतू नव्हता, झाडांवर दोरी बांधायची राहून गेली होती. तिच्या प्रबंधात फळांच्या वजनाचं आणि प्रतीचं कोष्टकच आलं नाही.

प्रयोगशाळेत जाऊन उपकरणं मोजत बसू नका, लॉगबुक मागा. महागडं यंत्र प्लास्टिकच्या कव्हराखाली असेल आणि लॉगबुकातली शेवटची सही दीड वर्षापूर्वीची असेल, तर ते यंत्र तुमच्यासाठी नाही. पॉलिहाऊसचा कागद फाटलेला आहे का, शेडनेटमध्ये तण की रोपं, हे चालता चालता दिसतं. ग्रंथालयात फार वेळ घालवायची गरज नाही, आता बहुतेक वाचन ऑनलाइन होतं. सांख्यिकीचे शिक्षक मात्र आहेत का, की पद रिकामं आहे, हे विचारा. प्रयोगाची मांडणी सुरुवातीला चुकली तर शेवटी कोणतंही सॉफ्टवेअर ती सुधारून देत नाही.

मार्गदर्शकाशी बोलताना

भेटीची वेळ मागून जा, प्रबंध वाचून जा. "सर, तुमच्याकडे रंगपूर लाइम आणि जंबेरी या दोन खुंटांवरच्या झाडांची तुलना झाली होती, ती झाडं अजून आहेत का?" असा एक नेमका प्रश्न विचारलात तर बोलणं वेगळ्याच पातळीवर सुरू होतं. मग या गोष्टी जाणून घ्या: सध्या त्यांच्याकडे किती विद्यार्थी आहेत, निवृत्तीला किती वर्षं उरली आहेत, बदलीची शक्यता आहे का. कृषी विद्यापीठांत शिक्षकांची बदली एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात होते. मार्गदर्शक दुसऱ्या गावी गेले की झाडं तिथेच राहतात आणि विद्यार्थी मधल्या मध्ये हेलपाटे घालतो. निवृत्तीचं विचारायला संकोच वाटतो, पण नम्रपणे विचारलेलं कोणी मनाला लावून घेत नाही. प्रयोगाचा खर्च कोण करतं, हेही विचारा. संजीवकं, खतं, नमुन्यांचं परीक्षण विद्यार्थ्याच्या खिशातून होतं की चालू प्रकल्पातून? संशोधन प्रकल्प चालू असलेल्या मार्गदर्शकाकडे काम मिळालं तर हा प्रश्न बहुतेक सुटतो.

त्यांच्या आताच्या विद्यार्थ्यांना वेगळं, चहाच्या टपरीवर भेटा. मुलींनी मुलींना भेटावं. उन्हाळ्यात पहाटे प्रक्षेत्रावर जावं लागतं तेव्हा सोबत कोण असतं, तिथे स्वच्छतागृह आहे का, हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं, हे प्रश्न फक्त तिथेच मोकळेपणाने विचारता येतात आणि दोन वर्षांत ते रोज समोर येतात.

पैसा

सरकारी कृषी विद्यापीठाची फी खासगीच्या मानाने बरीच कमी असते, खरा खर्च राहण्या-जेवण्याचा आणि प्रयोगाचा. महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघा, तुमच्या प्रवर्गाच्या योजनाही तिथेच आहेत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातवैधता, नॉन-क्रीमीलेयर हे कागद प्रवेशाच्या फेरीआधी तयार ठेवा. तहसीलमध्ये गर्दी नेमकी त्याच आठवड्यात होते. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात हे धरून पहिल्या सत्राची सोय घरूनच करावी लागते, आणि संत्र्याचा भाव पडलेल्या वर्षी ती सोय सोपी नसते. त्यामुळे घरी राहून नागपुरात शिकण्याचा पर्याय पैशासाठी निवडला तर त्यात कमीपणा मानू नये. फक्त झाडांचा प्रश्न सोडवूनच निवडावा.

पसंतीक्रम भरताना

फेरीच्या दिवशी घाईत कॉलेजचं नाव बघून क्रम लावू नका. आधीच एका वहीत शाखा-कॉलेज अशा जोड्या लिहून ठेवा आणि प्रत्येकीसमोर तीन गोष्टी लिहा: तुमच्या पिकाची फळ धरणारी झाडं आहेत की नाहीत, मागच्या बॅचचा आराखडा कोणत्या महिन्यात मंजूर झाला, हव्या त्या मार्गदर्शकाकडे जागा आहे की नाही. तिन्ही रकाने भरलेली जोडी वर घ्या, मग ते कॉलेज गावाच्या नजरेत लहान असलं तरी. नको असलेली शाखा "राहू दे" म्हणून यादीत टाकू नका. फेरीचे नियम नीट वाचा, कारण मिळालेली जागा सोडली तर पुढच्या फेरीत संधी राहते की नाही हे दरवर्षीच्या नियमांवर ठरतं.

जागा मिळाली की फी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांना भेटा आणि वर्ग सुरू व्हायच्या आधीच झाडं निवडायची परवानगी मागा. फळशास्त्र असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच बागेत फिरून एकसारख्या घेराची आणि उंचीची झाडं मोजून घ्या, रोगट सोडून द्या, निवडलेल्यांवर रंगाची खूण करा आणि प्रक्षेत्र अधीक्षकांना लेखी यादी द्या. तिची एक प्रत लिलाव बघणाऱ्या कारकुनाकडेही द्या. आराखडा समितीपुढे जाईल तेव्हा "झाडं निवडली आहेत, ताण पंधरा डिसेंबरपासून देता येईल" असं तुम्हाला सांगता आलं पाहिजे.